करड्या कुलपाची हजेरी

लोणारच्या विवरावर जगभरातल्या विद्वानांनी निबंध लिहिले आहेत. त्यातले बरेचसे लोणारात राहणाऱ्या माणसाला वाचता येत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे. बाकी सगळं बरं चाललं आहे.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. घरी पाहुणा आला की त्याला विवर दाखवायला न्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. काठावर उभा राहिला की पाहुणा विचारतो, ‘वय किती?’ पूर्वी मी ‘पन्नासेक हजार वर्षं’ म्हणून मोकळा व्हायचो. 2011 साली एक निबंध आला आणि आर्गॉनच्या पद्धतीने वय निघालं 5 लाख 70 हजार, सत्तेचाळीस हजार इकडे-तिकडे. घरातल्या माणसाचं वय असं एका रात्रीत दहापट झालं, तर कसं झालं हे विचारायला नको? पण अशा निबंधांची रीत ठरलेली असते. सारांश अंगणात, कारणं माजघरात, आणि माजघराचं भाडं डॉलरमध्ये. एका प्रकाशकाच्या पानावर ‘तुमची संस्था निवडा’ असं आलं. मी लोणार शोधलं, मग मेहकर, मग जिल्हा. आधी बुलडाणा लिहून पाहिलं, मग बुलढाणा. दोन्ही शुद्धलेखनांना सारखाच नकार मिळाला.

भाच्याने लॅपटॉपवर ‘अनपेवॉल’ नावाची सोय बसवून दिली. निबंधाचं पान उघडलं की कडेला कुलूप दिसतं. हिरवं आणि उघडं असेल तर निबंध फुकट, करडं आणि बंद असेल तर नाही. विवरातल्या सरोवरामधल्या जिवाणूंवरचा एक निबंध उघडला. भाचा म्हणाला, ‘‘मामा, करडं हाय.’’ दुसरा उघडला. ‘‘करडंच हाय.’’ तिसऱ्याला तो काही बोललाच नाही.

मग मी शाळेतलं जुनं हजेरीपत्रक काढलं आणि मोजायला बसलो. हजर आणि गैरहजर असे दोन रकाने पुरतील, असा माझा समज होता. मोजणाऱ्या विद्वानांकडे हजरचेच पाच निघाले. लेखकाने, म्हणजे बहुधा त्याच्या संस्थेने, फी भरून पूर्ण खुल्या मासिकात छापलेला निबंध सोनेरी. मासिकात बंद, पण लेखकाने आपली प्रत दुसरीकडे ठेवलेली, तो हिरवा. हा मुलगा शेजारच्या वर्गातून ‘हजर’ म्हणतो. बंद मासिकात फी भरून खुला केलेला एकटा निबंध हायब्रिड, म्हणजे सरकारी शाळेतली खासगी शिकवणी. ना लेखकाकडून पैसा, ना वाचकाकडून, तो हिरा. आणि प्रकाशकाने आपण होऊन उघडा ठेवलेला, पण परवान्याचा कागद नसलेला, तो कांस्य. हा आज वर्गात आहे. उद्याचं त्याच्या बापालाही सांगता येणार नाही. माझ्या पत्रकात याच्यापुढे पेन्सिलीनेच खूण करावी लागते.

सोनं आहे, कांस्य आहे, हिरा आहे. चांदी मात्र नाही. आमच्या जिल्ह्यात खामगावला लोक रजतनगरी म्हणतात. नावं ठेवताना तिथे कुणाला विचारलेलं दिसत नाही.

जगाची हजेरी 2018 साली लागली. अनपेवॉलच्याच मंडळींनी एकेक लाख निबंधांचे तीन नमुने तपासले आणि सांगितलं की एकूण निबंधांपैकी निदान 28 टक्के खुले आहेत, 2015 सालच्या निबंधांत 45 टक्के. खुल्यांत सगळ्यांत मोठा गट निघाला पेन्सिलवाल्या कांस्याचा. आकडे उत्तम आहेत. पण गणिताच्या मास्तराला विचारा, तो आधी छेद बघतो. या हिशेबात डीओआय नावाचा क्रमांक असलेलेच निबंध धरले होते. आपल्याकडच्या कितीतरी मराठी नियतकालिकांतल्या लेखांना तसा क्रमांकच नाही. ते खुले असोत की बंद, अंशात नाहीत आणि छेदातही नाहीत. पटावर नाव नसलेल्या मुलाला गैरहजरीही लागत नाही.

सरकारने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ मंजूर झाली. तीन वर्षांचे 6,000 कोटी रुपये, तीस प्रकाशकांची जवळजवळ 13,000 नियतकालिकं आणि सुमारे 6,300 सरकारी संस्था. दार संस्थेला उघडतं. निवृत्त मास्तर ही संस्था नव्हे, हे माझ्या घरी आधीपासूनच मान्य आहे.

दुसरी वाट म्हणजे लिहिणाऱ्याने पैसे भरावेत. ‘नेचर’ने 2021 पासून निबंध खुला ठेवण्याचा दर लावला 9,500 युरो, तेव्हाचे साडेआठ लाखांच्या घरात. एवढ्यात आमच्याकडे ट्रॅक्टर येतो. आणि ट्रॅक्टर शेजाऱ्यालाही वापरता येतो.

विवर मात्र कुणालाच काही मागत नाही. उल्कापातानेच ते बेसॉल्टमध्ये झालं, हे 1973 साली ‘सायन्स’मध्ये मांडणाऱ्यांत आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं होती, म्हणजे पगार तुमच्याआमच्या खिशातून. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं हे काम, असं उत्तर आलं. ते आम्ही वर्तमानपत्रात वाचलं. वर्तमानपत्र रोज सकाळी येतं, त्याला संस्था निवडावी लागत नाही.

संशोधकांवर माझा राग नाही. परक्या माणसाने ईमेल केला तर त्यातले बरेचजण आपली प्रत पाठवतात; निबंध लिहून त्यांना प्रकाशकाकडून सहसा दमडी मिळत नाही, हेही मला कळलं. म्हणून एवढीच विनंती: लोणारला या, माती न्या, पाणी न्या. निबंध छापून आला की एक प्रत गावच्या वाचनालयाला पोस्टाने पाठवा. इंग्रजीत असली तरी चालेल. हजेरी मी लावून घेईन, शाईने.