सिस्टर एमबीए करतायत

प्रत्येक सोसायटीत एक सिस्टर असतात. दारावर पाटी नवऱ्याच्या नावाची असली तरी वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या लेखी तो फ्लॅट सिस्टरांचा. कुणाला चक्कर आली, कुणाच्या पोरानं नाकात शेंगदाणा घातला, कुणाच्या आजोबांना बीपीची गोळी सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली ते आठवेना, की बेल तिथलीच वाजते. दिराच्या मुलांनी तर 'सिस्टरकाकू' असं नवं नातंच तयार केलंय.

भोसरीत अलीकडे या सिस्टरांचा एक नवा प्रकार दिसू लागलाय. ऑनलाइन एमबीए करणाऱ्या सिस्टर. विषय हॉस्पिटल मॅनेजमेंट. हे पीक इथंच का फोफावलं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. कारखाने तीन शिफ्टमध्ये, दवाखाने तीन शिफ्टमध्ये, एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी आणि रविवारी निम्मं गाव कामावर. ज्यांचं घड्याळच असं उलटंसुलटं चालतं, त्यांना अभ्यासासाठी चौथी शिफ्ट काढणं फारसं जड जात नाही.

आमच्या इंद्रायणीनगरच्या सिस्टर हा यातला अस्सल नमुना. जीएनएम झालेल्या; जनरल वॉर्ड, कॅज्युअल्टी, आयसीयू सगळं पालथं घातलेल्या. एमबीएचं खूळ डोक्यात शिरलं ते एका टॅबमुळं. त्यांच्या हॉस्पिटलात क्वालिटीचा नवा मॅनेजर आला. कोवळा पोरगा, गळ्यात कार्ड, हातात टॅब. त्यानं विचारलं, "सिस्टर, तुमच्या वॉर्डचा बेड टर्नअराउंड टाइम किती?" सिस्टर म्हणाल्या, "मावशी असल्या तर वीस मिनिटं. मावशी रजेवर असल्या तर मीच चादर बदलते, मग दहा." त्यानं टॅबवर 'पंधरा' टाकलं आणि पुढच्या वॉर्डात गेला. त्या रात्री भाकरी थापता थापता सिस्टरांनी जाहीर केलं, "हे मला त्याच्यापेक्षा जास्त येतं. फक्त माझ्याकडं कागद नाही."

आणि कागद सहजासहजी मिळत नाही. जीएनएम ही पदविका. वॉर्डात राबून घेतली असली तरी एमबीएच्या फॉर्मवर 'ग्रॅज्युएशन' असा रकाना असतो आणि तिथं ती चालत नाही. एम.एस्सी. नर्सिंग करायचं तर आधी नर्सिंगची पदवी हवी आणि मग दिवसभर कॉलेजात बसायला हवं, म्हणजे पगारावर पाणी. तेव्हा सिस्टरांनी आधी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. १९८९ साली निघालेल्या या विद्यापीठानं असे किती नोकरदार पदवीधर करून सोडले असतील! बी.ए. झालं आणि मग दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं ऑनलाइन एमबीए.

'ऑनलाइन का? म्हणजे तसंच,' असं कुणी म्हणालं की सिस्टर प्लास्टिकची फाइल काढतात. त्यात सगळ्यात वर यूजीसीचं २०२२ चं पत्रक: मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची समजावी. पत्रक लॅमिनेट केलेलं. त्याच्याखाली यूजीसीच्या यादीतल्या विद्यापीठाच्या नावाची प्रिंट, हायलाइटर मारलेली. ज्युनिअर पोरींना त्या बजावतात, "फोनवर गोड बोलणाऱ्या काउन्सेलरचं ऐकून पैसे भरू नका गं. आधी यादीत नाव बघा. आणि नर्सिंग मोबाइलवर शिकवतो म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. सुई हातानं टोचायची असते."

त्यांचं लाडकं वाक्य, "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही." हे हॉस्पिटलातलंच, पण एमबीएपासून घरातही लागू झालंय. धाकटा म्हणाला दात घासले, की "कुठं लिहिलंयस?" फ्रिजवर ड्युटी रोस्टर आहे. त्यात नवऱ्याला गुरुवारी 'ऑफ' असा शेरा आहे आणि खाली बारीक अक्षरात 'दळण'. कचऱ्याचे डबे पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चार. २०१६ च्या जैव वैद्यकीय कचऱ्याच्या नियमात आहेत तसे. कांद्याच्या साली कुठल्या रंगात टाकायच्या यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

एकदा दूध उतू गेलं. सासूबाई काही बोलायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "आई, कुणाचं चुकलं असं विचारायचं नाही. सिस्टीम कुठं चुकली ते विचारायचं."

"सिस्टीम म्हणजे तूच ना?" सासूबाई म्हणाल्या.

मग सिस्टरांनी त्यांना जेम्स रीझनचं स्विस चीज मॉडेल समजावलं. चीजच्या चकत्यांना भोकं असतात. सगळ्या चकत्यांची भोकं एका रेषेत आली की चूक थेट पेशंटपर्यंत पोचते. सासूबाईंनी भोकांचं चीज उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. तेव्हा सिस्टरांनी तव्यावरची जाळीदार धिरडी एकावर एक रचली आणि उजेडाकडं धरली. डॉक्टरनं चुकीचं लिहिलं, फार्मसीनं तेच दिलं, सिस्टरनं न वाचता तेच चढवलं. सासूबाईंना मॉडेल एका झटक्यात कळलं. धिरडी मात्र गार झाली.

नवऱ्याची गंमत वेगळीच. ते एमआयडीसीत प्रेस शॉपला सुपरवायझर. सिस्टरांच्या क्वालिटीच्या पुस्तकात फाइव्ह एस, कायझेन, फिशबोन, पाच वेळा 'का' विचारायचं टोयोटाचं तंत्र, हे सगळं निघालं तेव्हा भाऊजी म्हणाले, "अगं, हे तर आमच्याकडं भिंतीवर रंगवलंय!" इतकी वर्षं या दोघांचा संसार जिन्यात किल्ल्यांचा हँडओव्हर देऊन चालला होता. आता रात्री अकराला स्वयंपाकघरात फिशबोन डायग्रामवर वाद रंगतो. "तुमचा पार्ट बिघडला तर तुम्ही स्क्रॅपमध्ये टाकता," सिस्टर म्हणतात. "माझ्याकडं स्क्रॅपचा डबा नाही." यावर भाऊजी गप्प बसतात, पण दुसऱ्या दिवशी कंपनीत हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगतात.

अभ्यासात त्यांना सगळ्यात छळलं अकाउंटिंगनं. डेबिट-क्रेडिट डोक्यात शिरेना. शेवटी त्यांनीच वाट काढली. पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट समोर ठेवला: सलाईन इतकं गेलं, लघवी इतकी झाली, फरक पडला तर सकाळच्या राउंडच्या आत कारण द्यायचं. कॅश फ्लो हा धडा त्यांनी त्या चार्टवर पास केला. मानसशास्त्राच्या पेपरात मॅस्लोचा पिरॅमिड आला तेव्हा मात्र त्या फिसकन हसल्या. "हा तर आम्ही नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच केला. तळाला हवा, पाणी, झोप. झोप अजून मिळालेली नाही, वरच्या पायऱ्या कधी चढणार?"

रेकॉर्डेड लेक्चर त्या दुप्पट वेगानं ऐकतात. नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बसच्या खिडकीला टेकून एक युनिट होतं. परिणामी हल्ली त्या स्वतःही दुप्पट वेगानं बोलतात.

परीक्षेचा दिवस म्हणजे घरातला कर्फ्यू. कॅमेऱ्यापुढं आधी सगळी खोली फिरवून दाखवायची. त्या दृश्यात वाळत घातलेले कपडे, विठोबाचा फोटो आणि पलंगाखालचा गहू असं सगळं विद्यापीठानं पाहिलंय. पेपर सुरू झाला की मान वळवायची नाही. कुकरच्या शिट्ट्या सिस्टर मान न वळवता मोजतात. मॉनिटरच्या अलार्मांवर वाढलेला कान तो. एकदा सासूबाई दया येऊन चहा घेऊन आत गेल्या आणि पडद्यावर सूचना झळकली: 'अनोळखी व्यक्ती आढळली'. नातवानं ती वाचून दाखवल्यापासून सासूबाई त्या विद्यापीठाचं नाव घेत नाहीत. "माझ्याच घरात मी अनोळखी?"

दर १२ मेला, परिचारिका दिनाला, सिस्टर भाषण करतात. पूर्वी त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा असायचा. आता तक्ते असतात. नाइटिंगेलबाईंनी क्रिमियात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त मेले हे १८५८ साली रंगीत आकृत्या काढून दाखवलं, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या, आणि पुढच्याच वर्षी हॉस्पिटलं कशी बांधावीत यावर पुस्तक लिहिलं. "म्हणजे ॲडमिनिस्ट्रेशन हे आमचंच खातं," असं म्हणून सिस्टर खाली बसतात. मग रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाची आठवण निघते. १९०९ साली निघालेल्या या संस्थेनं चांगल्या घरच्या मुलींनाही नर्सिंगला धाडलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. हा भाग सांगताना त्या पुढच्या रांगेतल्या मॅनेजरकडं बघतात.

गमतीचा भाग इथं संपतो. कारण मला त्यांचा प्रोजेक्ट वाचायला मिळाला. विषय: डिस्चार्जला उशीर का होतो. डॉक्टर राउंडला सकाळी म्हणतात 'सोडा', आणि पेशंट संध्याकाळी बाहेर पडतो. नातेवाईक काउंटरवर भांडतात, शिव्या सिस्टरला. विम्याच्या नियामकानं २०२४ मध्ये कॅशलेसच्या अंतिम मंजुरीला तीन तासांची मर्यादा घातली. पण फाइल विम्याचे दावे बघणाऱ्या टीपीएकडं जाईपर्यंतच दुपार होत असेल तर त्या मर्यादेचं काय करायचं? सिस्टरांनी घड्याळ लावून एकेक टप्पा मोजला: समरी टाइप होणं, उरलेली औषधं फार्मसीला परत, बिल, मंजुरी. सगळ्यात जास्त वेळ कुठं जात होता? परत केलेल्या औषधांच्या पावतीवर सही कोण करणार हे शोधण्यात. त्यांनी सकाळी सातच्या हँडओव्हरलाच उद्याच्या डिस्चार्जची यादी आणि सही करणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत सुचवली. व्यवस्थापनानं ती उचलली. "हेच मी इतकी वर्षं तोंडानं सांगत होते," सिस्टर म्हणाल्या. "पाय चार्ट काढल्यावर ऐकू गेलं."

हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएचचं इन्स्पेक्शन जवळ आलं की हेच दिसतं. दहा प्रकरणांचे ते निकष. पाचव्या आवृत्तीत तपासायचे मुद्दे ६५१ होते. त्यातले कितीतरी शेवटी वॉर्डातल्या कुठल्या ना कुठल्या रजिस्टरपाशी येऊन थांबतात आणि ते रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते फक्त इन्चार्ज सिस्टरला ठाऊक असतं. नाईटला माणसं कमी असताना कुणाला कुठल्या बेडपाशी उभं करायचं, ऑक्सिजनचा सिलिंडर कधी बदलायचा, चिडलेल्या नातेवाइकाला खुर्ची कुठं द्यायची, याला पुस्तकात रिसोर्स ॲलोकेशन, इन्व्हेंटरी आणि ग्रीव्हन्स मॅनेजमेंट म्हणतात. वॉर्डात त्याला 'आजची नाईट' म्हणतात.

तेव्हा हॉस्पिटलवाल्यांना माझी विनंती आहे. मॅनेजरच्या जाहिरातीत तुम्ही 'एमबीए आवश्यक, वॉर्डचा अनुभव असल्यास प्राधान्य' असं छापता. ती ओळ उलटी करा. वॉर्डचा अनुभव आवश्यक, एमबीए असल्यास प्राधान्य. मोठ्या उत्साहानं मी हे सिस्टरांनाही ऐकवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, पण निकाल लागेपर्यंत थांबा. चारही सेमिस्टरची फी भरलीय."