टेकूला बीम म्हणावे

गिरगाव, दादर, परळ, लालबाग आणि मधल्या सर्व गल्ल्यांतील समस्त इस्टेट एजंट बंधू-भगिनींस, स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आम्ही होम स्टेजिंगचा धंदा सुरू करीत आहोत. अमेरिकेत हा धंदा १९७०च्या दशकापासून चालतो. घर विकायला काढलं की एक माणूस येतो, मालकाचं सामान हलवतो आणि त्या जागी भाड्याचा सोफा, भाड्याची झाडं, भाड्याची चित्रं मांडतो. बघायला आलेल्या पार्टीला वाटतं, इथली माणसं काय सुखात राहत असतील! ती जास्त पैसे मोजते. व्यवहार झाला की सोफा पुढच्या घरी जातो आणि सुखही त्याच टेम्पोतून जातं.

आमच्याकडे चौकशीला आलेल्या पहिल्याच एजंटाने विचारलं, "पैसे कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. मालक म्हणतो, एजंटाने द्यावेत, दोन टक्के तोच घेतो. एजंट म्हणतो, मालकाने द्यावेत, घर त्याचं आहे. पगडीच्या खोलीत तर तिघे एकमेकांकडे बघत बसतात, कारण विकणारा असतो भाडेकरू, पावती फाडतो घरमालक, आणि नाव बदलून द्यायला त्यालाही वाटा हवा असतो. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पगडीला मान्यता दिली, पण सोफ्याचं भाडं कोणी भरायचं ते त्यात लिहिलेलं नाही. आमची सूचना अशी की ते किमतीतच घालावं. म्हणजे घेणारा भरेल आणि त्याला कळणारही नाही. ही रीत तुम्हाला नवी नसावी.

खरं तर हा अख्खा धंदाच तुम्हाला नवा नाही. लोअर परळला 'अप्पर वरळी' कोणी केलं? लालबागचा टॉवर जाहिरातीत 'साउथ मुंबई'त कोणी नेऊन ठेवला? 'स्टेशनपासून पाच मिनिटं' ही मिनिटं कोणाच्या घड्याळातली? नावांची मांडामांड तुम्ही केलीत, सामानाची आम्ही करू. एवढीच भागीदारी मागतो आहोत.

पहिली पायरी म्हणजे खोली रिकामी करणे. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेत लोखंडी कॉट, गोदरेजचं कपाट, कपाटावर बॅगा, बॅगांवर गाद्या, कॉटखाली ट्रंक, मोरीत पिंप, दाराआड कालनिर्णय आणि भिंतीवर चंदनाचा हार घातलेले आजोबा. हे सगळं हलवायचं. आजोबांना आधी हलवायचं, कारण ते पार्टीकडे रोखून बघतात. कालनिर्णयही काढायचं, त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात. माणसं इथे राहत होती याचा पुरावा शिल्लक राहता कामा नये. पार्टीला घर हवं असतं, कोणाचं तरी घर नको असतं.

सामान ठेवायचं कुठे? पोटमाळ्यावर नाही, तो 'स्टडी' म्हणून दाखवायचा आहे. शेजारी ठेवायचं. चाळीत हे सोपं असतं, पण अडचणही तिथेच आहे. पार्टी जिना चढून आली की शेजारच्या काकू दारात उभ्या. "घर बघायला आलात? बघा हो, चांगलं आहे. पाणी पहाटे चारला येतं तेवढंच. आणि मागची भिंत पावसाळ्यात गळते, ती नंतर सुकते." आमच्या दरपत्रकात काकूंना त्या वेळी सिद्धिविनायकाला नेऊन आणण्याचा खर्च वेगळा लावला आहे. मंगळवार धरावा. रांगेत दोन पार्ट्या उरकतात.

सजावटीत काही स्थानिक बदल करावे लागले. अमेरिकेत टेबलावर काचेच्या बाऊलमध्ये पिवळी लिंबं ठेवतात, ताजेपणा वाटतो म्हणे. लालबागमध्ये आम्ही ती ठेवून पाहिली. पार्टीच्या आईने उंबऱ्यातूनच लिंबं मोजली, सात भरली, आणि करणी केलेल्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणून त्या खाली उतरल्या. आता सफरचंदं ठेवतो. वासाचाही प्रश्न आहे. तिकडे व्हॅनिलाची मेणबत्ती लावतात. इकडे उन्हाळ्यात लालबागला मिरच्या कांडायला सुरुवात झाली की मेणबत्ती स्वतः शिंकते. शेजारी बोंबील भाजायला घेतले तर पार्टीचा आहार आधी विचारून ठेवणे ही एजंटाची जबाबदारी राहील.

विभागवार योजना पुढीलप्रमाणे.

गिरगावसाठी 'हेरिटेज' योजना. लाकडी जिना, गॅलरीचे कठडे, कौलं यांना हात लावायचा नाही. गॅलरीखाली रिपेअर बोर्डाने लावलेले टेकू असतील तर त्यांना पॉलिश करून 'एक्स्पोज्ड बीम' म्हणायचं. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा झाला, पुढे ते काम म्हाडाकडे आलं. काही इमारतींत टेकू इतकी वर्षं उभे आहेत की भाडेकरूंपेक्षा तेच जुने झाले. पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्या आठवड्यात पार्टी आणू नये.

दादरसाठी दोन योजना. पश्चिमेला शिवाजी पार्काच्या बाजूला काही मांडावं लागत नाही, खिडकी उघडली की भागतं. फक्त सभेचा दिवस टाळा. पूर्वेला हिंदमाताच्या बाजूला जुलैमध्ये पाणी तुंबलं की 'वॉटरफ्रंट' म्हणता येत असे. महापालिकेने मोडता घातला. पाणी साठवायला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली टाक्या बांधल्या, त्यामुळे आता वॉटरफ्रंटची खात्री देता येत नाही. पाऊस जोराचा लागला तर कळवू.

परळ-लालबागच्या टॉवरांत आमची गरज कमी. तिथे बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट आहेत आणि आम्ही त्यांचेच एकलव्य. पलंग नेहमीपेक्षा अर्धा फूट आखूड करायचा, खोल्यांना दारं लावायची नाहीत, एका भिंतीला पूर्ण आरसा, कपाट कुठेच नाही. पार्टी त्या पलंगावर झोपून बघत नाही, संकोच वाटतो. गृहप्रवेशाच्या रात्री पाय बाहेर येतात तेव्हा कळतं.

"पण या तंत्राचा इथे अनुभव काय?" असं तुम्ही विचाराल. अनुभव अख्ख्या गिरणगावाचा आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत. खोली रिकामी करण्याची पायरी ती हीच. मग १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे वाटे ठरले: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली एका दुरुस्तीने हा हिशेब फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता ठेवला, म्हणजे जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. त्यानंतर दिवे लागले, काचा लागल्या. फिनिक्स मिलच्या जागी मॉल त्याआधीच आला होता, चिमणी तेवढी ठेवली. धूर येत नसल्यामुळे ती फोटोत छान दिसते. आणि ज्यांच्या घामावर ती धुमसत होती त्यांना घरं दाखवली शेलू आणि वांगणीला. तिथे स्टेजिंग लागत नाही, बघून परत यायलाच दिवस जातो. एवढं मोठं काम करणाऱ्यांपुढे आम्ही एक सोफा घेऊन उभे आहोत, याची आम्हाला नम्र जाणीव आहे.

कायद्याची काळजी नको. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, बिल्डरने जाहिरातीत किंवा नमुना फ्लॅटमध्ये खोटं दाखवलं आणि त्यावर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. घेणाऱ्याला व्यवहारच सोडायचा असेल तर व्याजासह पैसे परत. १ ऑगस्ट २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोडही लागतो. तुमच्यापैकी अनेकांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागली, त्याबद्दल अभिनंदन. पण हे सारं नोंदणीकृत प्रकल्पांसाठी. मुगभाटातल्या पगडीच्या खोलीत सफरचंदं कोणी ठेवली, हे महारेरा विचारायला येत नाही. आम्ही धंद्याला गिरगावातून सुरुवात करतो आहोत ती उगाच नाही.

कळावे, लोभ असावा, पार्टी पाठवावी.

आपला नम्र,
सोफावाला

ता. क. (फक्त वाचकांसाठी. एजंटांनी इथे थांबावे.)

घर बघायला एजंटाने दिलेल्या वेळी जरूर जा, चहाही घ्या. मग जुलैतल्या मोठ्या भरतीच्या दिवशी, न कळवता, एकटे परत जा. सोबत मोजपट्टी न्या आणि पलंगही मोजा. नवा प्रकल्प असेल तर क्यूआर कोड स्कॅन करून मंजूर नकाशा पाहा आणि नमुना फ्लॅटमधल्या कोणत्या वस्तू करारात आहेत ते लेखी घ्या. जुनी खोली असेल तर भाडेपावती कोणाच्या नावावर आहे, घरमालकाची संमती लेखी आहे का आणि इमारत म्हाडाच्या यादीत आहे का, एवढं टोकनआधी तपासा. आणि शेजारचं दार वाजवा. काकू सिद्धिविनायकाला गेल्या असतील तर त्या येईपर्यंत जिन्यात थांबा. त्या व्यवहारात दोन टक्के न घेणाऱ्या त्या एकट्याच असतात.