गडग्यावरची केवायसी

"अगो, आहेस का घरात?"

गडग्यापलीकडून माईंची हाक आली. रातांबे फोडून हात लालभडक झालेले. माई हात न धुताच हाक मारतात, तेव्हा बातमी ताजी असते.

"ऐकलंस का? आमच्या भाच्यानं दिल्लीत नाव नोंदवलंन."

"निवडणुकीला उभा राहतोय की काय?"

"छे गो! त्याचं ते दापोलीतलं जमिनीचं ऑफिस. गिऱ्हाईक जुळवायचं, सातबारा काढायचा, दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत होईस्तोवर उभं राहायचं. महारेराचा नंबर होताच. आता म्हणे दिल्लीत वित्तीय गुप्तवार्ता एकक आहे, तिथेही नोंदणी लागली."

"गुप्तवार्ता? म्हणजे हेरखातं?"

"काळ्या पैशावर लक्ष ठेवणारं. 2004 पासून आहे म्हणाला. आपल्याला कोण सांगणार?" माईंनी एक रातांबा फोडून बिया पातेल्यात टाकल्या. "आणि हा नियम कधीचा माहितीय? आपल्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, ते निसर्ग वादळ आठवतंय ना? 2020 चा जून. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघाला. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर असली, की जमीनजुमल्याचा एजंटही बँकेसारखाच कायद्यात आला."

"मग आता करायचं काय त्यानं?"

"गिऱ्हाइकाची केवायसी. पैसा आला कुठून, नावावर घेणारा कोण आणि खरा पैसेवाला कोण, ते बघायचं. कागद 5 वर्षं जपायचे. संशय आला तर कळवायचं. आणि एक मुख्य अधिकारी नेमायचा. ऑफिसात माणसं किती? हा आणि सूनबाई. तिचंच नाव टाकलंन!"

"म्हणजे दुकान त्याचं आणि अधिकारी ती?"

"घरात होतंच तसं, आता सरकारदरबारी लागलं."

आम्ही दोघी इतक्या हसलो, की माडाखालची मांजर उठून गेली.

"पण माई, नुसते एजंटच का? बाकीचे?"

"सीएंनाही 2023 च्या मे महिन्यात धरलंनीत. गिऱ्हाइकाच्या वतीनं जमीन-घराचा व्यवहार केलात, तर तुम्हीही त्याच रांगेत. वकील तेवढे या यादीत नाहीत. विलायतेत मात्र वकीलही सुटत नाही हो. आमच्या नातीनं तिकडे फ्लॅट घेतलान, तेव्हा बापानं पाठवलेल्या पैशांसाठी बापाचं पासबुक मागितलं तिच्या वकिलानं! जावई काय चिडलेला!"

मी गडग्यावर कोपर टेकलं. आता मूळ मुद्द्यावर यायला हरकत नव्हती. "बरं, तो पांढऱ्या गाडीवाला? समुद्राकडची वाडी बघून गेला तो?"

माईंचा आवाज आपोआप खाली आला. "तोच तो. म्हणाला, निम्मी किंमत खरेदीखतावर लिहा, निम्मी रोख मोजतो. वाडीच्या सातबाऱ्यावर 17 नावं, त्यातली निम्मी वर गेलेली. आणि हा पिशवी घेऊन तयार! अगो, जमिनीच्या व्यवहारात 20 हजारांची रोखसुद्धा घेता येत नाही, आयकरवाले घेतली तेवढाच दंड लावतात."

"मग भाच्यानं कळवलं का दिल्लीला?"

माईंनी विळी बाजूला सरकवली. "तेच तर! परवा जेवायला आलेला. येतायेताच विचारलंन, मावशी, हा माणूस कुणाचा कोण, उतरला कुणाकडे, बरोबर कोण होतं? मी आपली सांगत सुटले. महालक्ष्मीच्या उत्सवात कुणाच्या ओटीवर बसलेला, गाडीत दुसरा कोण होता, सगळं. मग दुसऱ्यांदा सोलकढी वाढली आणि विचारलं, कळवलंस का रे? तर म्हणतो, कळवलं की नाही हेही कुणाला सांगायचं नाही, तसाच नियम आहे."

"सूनबाईंना विचारायचं."

"ती तर अधिकारी! भात वाढू का म्हटलं, तर त्यावरही जपून मान हलवलीन."

माई खरोखर दुखावल्या होत्या. त्यांचंही बरोबरच. पैसा कुणाचा, माणूस कुणाचा, हे गडग्यावर पिढ्यान्‌पिढ्या विचारलं जातंय. फॉर्म नाही, पोर्टल नाही. पण इथला रिवाज असा, की एक बातमी दिली की एक परत यायची. दिल्लीचं एकक नुसतंच घेणारं.

"बाकी काही म्हणा," मी म्हटलं, "पोरगा तोंडाचा पक्का निघाला."

"आमच्या घराण्यात पहिलाच," माई म्हणाल्या, आणि लाल हातानं पदर सावरत पुन्हा गडग्यावर वाकल्या. "ते जाऊ दे. तुमच्याकडे काल रात्री रिक्षा कुणाची आलेली?"