अलाइनमेंटकाका

सोसायटीचा सेक्रेटरी निवडून यावा लागतो. अलाइनमेंटकाका आपोआप उगवतात. त्यांचं खरं नाव लेटरबॉक्सवर असतं, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. बाकी सगळ्या बिल्डिंगला ते ठाऊक असतात ते प्रिंटर बिघडल्यावर.

वय पासष्टीच्या आसपास, खिशात दोन पेनं आणि एक भिंग. हयात गेली ती कुठल्याशा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरच्या संगतीत. रेघ अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी साहेब अख्खी शीट परत काढायला लावायचा. पुढे साहेब रिटायर झाला, ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले, सगळं कॉम्प्युटरवर आलं. काकांजवळ तो अर्धा मिलिमीटर तेवढा उरला. त्याची सोय लागावी म्हणूनच घरोघरी इंकजेट प्रिंटर आले, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

प्रिंटर दिवसाउजेडी कधी बिघडत नाही. रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, ‘पाणी वाचवा’चा प्रोजेक्ट सकाळी शाळेत द्यायचा असतो, आणि तक्त्याच्या उभ्या रेघा पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरायला लागतात. अशा वेळी घरातला कर्ता पुरुष आधी केबल काढून परत लावतो, मग प्रिंटरला चापट मारतो, आणि शेवटी चिरंजीवांना म्हणतो, “जा, काकांना बोलाव.”

काका जागेच असतात. पाच मिनिटांत पिशवी घेऊन हजर. पिशवीत टॉर्च, चष्म्याचं मऊ फडकं, डिस्टिल्ड वॉटरची छोटी बाटली आणि स्वतःचे कोरे कागद. तुमच्या कागदावर त्यांचा विश्वास नसतो. “चहा टाकू का?” या प्रश्नाला “नंतर” असं उत्तर येतं, आणि ते नंतर कधीच येत नाही.

आल्या आल्या ते प्रिंटरकडे बघत नाहीत, छापलेल्या कागदाकडे बघतात. कागदावर काय छापलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. हॉल तिकीट असो, सातबारा असो, मुलीचा बायोडेटा असो, ते तो उलटा धरूनही तितक्याच तन्मयतेने वाचतात. एकदा एका घरी कोर्टाची नोटीस निघाली होती. घर सुतकात, आणि काका भिंग लावून म्हणतात, “निळा ठीक आहे. काळा घसरलाय.”

निदानाची त्यांची पद्धत अस्सल देशी. “देवनागरीसारखी टेस्ट शीट जगात नाही,” ते सांगतात. “काना दुहेरी दिसला, की समजायचं अलाइनमेंट गेलं. शिरोरेषेतून पांढरी रेघ गेली, की नोझल तुंबलं. आणि पानभर ठरावीक अंतराने आडवे पट्टे आले, तर कागद नीट सरकत नाहीये.” यात खोट काढायला जागा नाही. पण हे ऐकताना ‘पाणी वाचवा’वाला पोरगा जांभया देत असतो, आणि त्याची आई घड्याळाकडे बघत असते.

“काही केलंत का आधी?” काकांचा पुढचा प्रश्न. इथे कर्ता पुरुष अभिमानाने सांगतो, “क्लीनिंग मारलं. चार-पाच वेळा.” काका डोळे मिटून घेतात. क्लीनिंगने तुंबलेलं सुटतं, घसरलेलं जागेवर येत नाही, हे त्यांनी वरच्या मजल्यावर, पुढच्या विंगमध्ये आणि गणपतीच्या मंडपातसुद्धा सांगून झालेलं असतं. दर क्लीनिंगला शाई ओढली जाते आणि तळातल्या स्पंजात जाऊन मुरते. “तुमचे पैसे कागदावर नाहीत,” काका बोटाने प्रिंटरचं बूड दाखवतात, “इथे आहेत.”

मग उलटतपासणी. कागद कुठला? सेटिंगमध्ये कुठला निवडलाय? साधा कागद लावून ग्लॉसी फोटो पेपर निवडणारी माणसं समाजात उजळ माथ्याने वावरतात, याचं त्यांना दुःख आहे. टीपॉय हलतो का? कार्ट्रिज ‘टक्’ वाजेपर्यंत बसवलं होतं का? आणि शेवटचा, जिव्हारी लागणारा प्रश्न: “बंद कुठून करता?”

“बोर्डावरून,” घरातल्या आजी सांगतात. वीज वाचते.

आता काका उभे राहतात. प्रिंटरच्या बटणाने बंद केलं की छापणारं हेड आपल्या कोपऱ्यात जातं आणि त्याच्यावर रबरी टोपी बसते. मधेच बोर्डाचं बटण दाबलं, तर ते असेल तिथे उघडं राहतं आणि तोंडाशी शाई वाळते. “आजी, तुम्ही झोपताना दार लावून घेता ना?” आजी मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोर्डावरून बंद करतात.

खरा सोहळा त्यानंतर. काका मेन्टेनन्सच्या मेनूत शिरतात. एरवी मोबाइलवर नातवाचा व्हिडिओ कॉल उचलताना त्यांची बोटं अडखळतात, पण इथे ती डोळे मिटूनही चालतील. पान येईपर्यंत व्याख्यान चालू. हेड जातानाही छापतं आणि येतानाही छापतं. नांगर बांधापर्यंत गेला की तिथूनच वळतो, रिकामा परत येत नाही, तसं. जातानाचा तास आणि येतानाचा तास जुळला नाही, की उभी रेघ मोडते. थेंब केवढा? काही पिकोलिटर. म्हणजे लिटरचे एक लाख कोटी भाग करायचे आणि त्यातले मोजके उचलायचे. “आणि तो थेंब,” काका आवाज खाली आणतात, “धावत्या हेडमधून पडतो. धावत्या!”

पान लांबलं तर जपान येतं. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि टोकातून शाई उडाली. त्यातून बबलजेटची कल्पना निघाली. १९८४ मध्ये एचपीचा थिंकजेट आला, १९८५ मध्ये कॅननचा पहिला बबलजेट. एप्सनवाल्यांनी शाई तापवायचं नाकारलं. त्यांचा पिझो स्फटिक विजेने वाकतो आणि शाई ढकलतो. काकांनी सगळी मनुष्यजात या दोन खात्यांत वाटून टाकली आहे: तापून उडणारे आणि दबून बाहेर पडणारे. सेक्रेटरी पहिल्यातले, खजिनदार दुसऱ्यातले.

एवढ्यात पान येतं. रांगा, रांगांत चौकोन, चौकोनांखाली आकडे. ज्या चौकोनात रेघ कमीत कमी दिसते, त्याचा आकडा कॉम्प्युटरला सांगायचा. ऐकायला सोपं. काका पान ट्यूबलाइटखाली धरतात, मग गॅलरीत नेतात, मग आणतात. “चार.” कर्ता पुरुष म्हणतो, “मला पाच वाटतोय.” मुलगी म्हणते, “तीन.” आजी चष्मा न लावताच म्हणतात, “सगळे सारखेच आहेत.” काका भिंग पाळीपाळीने प्रत्येकाच्या हातात देतात. ज्या घरात सुनेच्या हातच्या आमटीवर एकमत होत नाही, ते घर तिसऱ्या पानाला चार नंबरच्या चौकोनावर एकवटतं. हल्ली काही प्रिंटर ते पान स्कॅनरच्या काचेवर ठेवलं की आपलं आपणच वाचतात. काकांना ते मंजूर नाही. “मग माणसाने बघायचं काय?”

एवढं करूनही काना दुहेरीच राहिला, तर काका झाकण उघडून टॉर्च मारतात. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघा. हेड आपण कुठे आहोत हे त्या रेघा मोजून ओळखतं. तिच्यावर शाईचा किंवा ग्रीसचा डाग पडला की त्याचा हिशेब चुकतो. काका फडक्याचं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवतात, पिळतात, आणि पट्टी दोन बोटांत धरून डावीकडून उजवीकडे पुसत नेतात. या वेळी घरात कोणी खोकायचं नाही. फडक्यावर करडा ठिपका उमटला, की तो सगळ्यांना दाखवला जातो.

पावणेबाराला उभी रेघ सरळ येते. ‘पाणी वाचवा’ची पानं भराभर बाहेर पडू लागतात. त्यांच्याकडे काका ढुंकूनही बघत नाहीत. ते अलाइनमेंटचं शेवटचं पान घेतात, मागे तारीख आणि फ्लॅट नंबर लिहितात आणि पिशवीत घालतात. बिल्डिंगमधल्या प्रत्येक प्रिंटरची फाइल त्यांच्याकडे आहे. लोक मागून हसतात. “एवढं काय, वाचता येतंय ना?” असं म्हणतात. पण हे म्हणणाऱ्याच्याच मुलीच्या पत्रिकेचं पान मुलाकडच्यांना जायचं असलं, की तोच रात्री अकराला काकांची बेल वाजवतो. चालतंय तेवढं चालवायचं, हा आपला सगळ्यांचा बाणा. त्यात एकजण तरी रेघेचा हट्ट धरतो, म्हणून बाकीच्यांना तो सोडता येतो.

काकांच्या घरीही प्रिंटर आहे. त्याच्यावर काकूंनी शिवलेलं कव्हर असतं. दर रविवारी सकाळी ते निघतं, नोझल चेकचं एक पान छापलं जातं, काका ते भिंगातून बघून समाधान पावतात आणि कव्हर परत चढतं. बाकी कोणी त्याच्यावर काही छापायचं नाही. “इतकं छान लागलंय, उगाच हलायला नको.” बाटल्यांतली शाई संपते ती सगळी प्रिंटर नीट छापतोय का हे बघण्यात.

त्यामुळे भिशीची यादी काकू कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणतात. काका ती हातात घेतात, उजेडात धरतात, शिरोरेषेवरून भिंग फिरवतात, आणि बराच वेळ काही सापडत नाही तेव्हा अस्वस्थ होतात.

“ह्याचं हेड कोण बघतं गं?”

“अहो, लेझर आहे तो,” काकू यादी काढून घेतात. “हेडच नाही त्याला. म्हणून तर दोन मिनिटांत काम होतं.”