तेविसावं बाविसावं का नाही?

वांद्र्यात हल्ली जमत आलेलं लग्न मोडायला पत्रिका लागत नाही, यादी पुरते. आवडती पन्नास रॉक-पॉप गाणी, क्रमवारीसकट! नुसती आवडतात म्हणून सुटका नाही. तेविसावं बाविसावं का नाही, याचाही जाब द्यावा लागतो. कार्टर रोडवर फिरायला येणारी, बीपीच्या गोळ्या चालू असलेली माणसं 'क्वीन'ला अकरावा नंबर दिला म्हणून एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. शिव शिव!

गाण्यांना नंबर लावायची खोड जुनीच म्हणा. १९५२ साली सुरू झालेली अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' दर बुधवारी तेच करायची. पण तिथे रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पत्रं पाहून पायदान ठरायचं, आपल्याकडे फक्त नाक मुरडायचं काम. आता घरटी एक सायानी, आणि पत्रं लिहिणाराही तोच.

खरी लबाडी चालते पहिल्या पाचांत. तिथे डिलन, पिंक फ्लॉइड आणि लेड झेपेलिनचं आठ मिनिटांचं 'स्टेअरवे टू हेवन' अगदी सोवळं नेसून बसलेले. आणि ज्यावर हे यादीवाले गृहस्थ प्रत्येक रिसेप्शनला कोट काढून नाचतात, ते बोनी एमचं 'रास्पुतिन' औषधालाही नाही! विचारलं तर म्हणे, "ते काय, नाचायचं गाणं." म्हणजे पाय शेजाऱ्यांचे होते वाटतं.

'हॉटेल कॅलिफोर्निया'ची कथा तर आणखी चटकदार. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००४ साली पाचशे गाण्यांत त्याला ४९ वा नंबर दिला होता. २०२१ च्या नव्या यादीत ते घसरलं तीनशेच्याही खाली. डिलनचं पहिलं स्थानसुद्धा गेलं, तिथे अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' आलं. वांद्रे पश्चिमेतल्या एका काकांनी हे ऐकून चहाच सोडला. "गाणं तेच, गिटार तीच, मग सतरा वर्षांत खाली आलं कोण?" आता याला कोण काय उत्तर देणार! परीक्षक बदलले एवढंच, पण काकांना ते सांगायचं कुणी?

रुळांच्या पूर्वेला वेगळाच गोंधळ. साहित्य सहवास म्हणजे मराठी लेखकांची वसाहत. पण तिथल्याच कवी रमेश तेंडुलकरांचा धाकटा, आपला सचिन, निघाला डायर स्ट्रेट्सचा भक्त! त्यामुळे त्या बाजूला 'सुल्तान्स ऑफ स्विंग' पहिल्या दहाबाहेर ठेवण्याची कुणाची टाप नाही. शेजारी कलानगर. १९९६ साली अंधेरीच्या कार्यक्रमासाठी आलेला मायकेल जॅक्सन 'मातोश्री'वर जाऊन आला, तिथलं स्वच्छतागृह वापरून आला, आणि त्याचं कौतुक खुद्द बाळासाहेबांनी सांगितलं. त्या कार्यक्रमाच्या करमणूक कराची माफी मात्र कोर्टात गेली आणि प्रकरण थेट २०२१ पर्यंत चघळलं गेलं. एवढा इतिहास असताना 'बिली जीन' चाळिसावं? हिंमत लागते हो.

बीकेसीच्या मैदानानेही कमी भांडणं लावलेली नाहीत. २००७ ला रॉजर वॉटर्स, २००८ ला आयर्न मेडन, २०१६ ला कोल्डप्ले. "मी तिथे होतो" म्हणणाऱ्याचं गाणं आपोआप दहा नंबर वर सरकतं. गाणं बरं की तिकीट महाग, हे त्यालाच ठाऊक. शिवाय तिथे होतो म्हणणारे सगळे खरंच असते, तर मैदान कुर्ल्यापर्यंत न्यावं लागलं असतं.

आणि आता कान इकडे करा. पाली हिलवरच्या एका बाईंनी, चांगल्या नातवंडं असलेल्या, आपली यादी बेधडक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावली. पहिला नंबर आब्बाचं 'डान्सिंग क्वीन', दुसराही आब्बा, तिसराही आब्बाच! खाली सही आणि फ्लॅट नंबर. चेअरमन म्हणाले, हे नियमात बसत नाही. बाई म्हणाल्या, नियम वाचून दाखवा. त्यांच्या यजमानांची यादी अजून कुणाच्या दृष्टीस पडलेली नाही. कपाटाला नवं कुलूप बसलंय म्हणतात.