फाट्यावरचे वस्ताद

वारंगा फाट्यावर दोन राष्ट्रीय महामार्ग भेटतात. एक अकोल्याकडून हिंगोलीमार्गे खाली उतरतो, दुसरा तुळजापूरहून निघून नागपूरच्या दिशेला जातो. नांदेडकडून इथवर दोघं एकाच डांबरावरून येतात आणि फाट्यावर वेगळे होतात. साधा माणूस इथं उतरतो, खिचडी खातो, गाडी बदलतो आणि वाटेला लागतो. वस्तादांच्या लेखी मात्र ही कुस्ती आहे. "161 नंबरनं 361 ला नांदेडपासून बगलंत धरून आणलं, अन् इथं सोडून दिलं. बरोबरी! पैसे वाटून घेतले असतील दोघांनी," असं ते म्हणतात, आणि नव्या प्रवाशाला वाटतं की रस्त्याच्या कंत्राटाबद्दल चाललंय.

वस्तादांचं खरं नाव आधार कार्डावर असेल. फाट्यावर ते कुणाला ठाऊक नाही. धंदा ट्रॅव्हल्सच्या तिकिटांचा. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, वर छत्री. पुण्याच्या गाड्यांची तिकिटं ते फाडतात आणि गाडी येईपर्यंत प्रवाशाला कुस्ती सांगतात. वय पंचेचाळिसाच्या पुढं, अंगानं दुहेरी, मिशी वर वळवलेली. आणि डोक्याला रुमाल. हा रुमाल मे महिन्यातसुद्धा कानांवरून घट्ट बांधलेला असतो. त्यामागचं कारण कुस्ती कळणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. पहिलवान ओळखायचा तो कानावरून. जोडीदाराच्या डोक्याशी घासून घासून कानात रक्त साकळतं, कूर्चा फुगते आणि कानाचा गोळा होतो. वस्तादांचे कान जन्मले तसे शाबूत आहेत, पाळ्यांसकट.

आखाड्यात ते एकदाच उतरले, लहानपणी, गावच्या जत्रेत, रेवड्यांच्या कुस्तीला. तिच्या निकालाबद्दल दोन मतं आहेत. एक वस्तादांचं आणि दुसरं गावाचं. "पण तुम्ही कुठल्या तालमीत होता?" असं कुणी खोचक विचारलं की ते हिंगोलीच्या रस्त्याकडं बोट करतात. "ह्या रोडला पुढं आखाडा बाळापूर हाय. ज्या भागात गावाच्या नावातच आखाडा हाय, तिथल्या माणसाला तालीम कशाला पायजे?"

माणसं ओळखायची त्यांची रीत ठरलेली आहे. जगात मुख्यतः पट काढणारे आणि ढाक लावणारे. पट काढणारा घाईचा, आला की थेट पायाला हात घालतो. ढाकवाला आधी मानेवर हात ठेवतो, गोड बोलतो, अंगाशी घेतो आणि कमरेवरून कधी फेकतो ते कळतही नाही. मुलीचा बाप, बँकेचा वसुलीवाला, निवडणुकीचा उमेदवार, सगळे या दोहोंत बसतात. जो बसत नाही तो झिबिस्को. हे नाव फाट्यावर इतकं रुळलंय की चहावाल्याचं पोरगंसुद्धा उधारी बुडवणाऱ्याला झिबिस्को म्हणतं.

या झिबिस्कोची हकीकत खरी आहे. 1910 साली लंडनमध्ये गामा पहिलवानासमोर स्टॅनिस्लॉस झिबिस्को नावाचा पोलंडचा धिप्पाड मल्ल उभा राहिला. गामानं पहिल्याच झपाट्यात खाली घेतला, तो मग उठलाच नाही. अडीच तासांच्या आसपास पोटावर पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली, आठवड्यानं परत ठेवली, तर पठ्ठ्या आलाच नाही. पुढं 1928 साली पतियाळ्यात दोघं पुन्हा भिडले तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. वस्ताद सांगतात, "अठरा वर्षं लागली सर, पण निकाल लागला. आपल्याकडं तलाठी हापिसात अर्ज टाकून बघा. समोरचा पोटावर पडलेला असतो. पाठ दिसती, छाती दिसत नाही."

आता कुणी म्हणेल, हा मातीतल्या कुस्तीचा अभिमानी. तसं नाही, आणि गंमत इथंच आहे. वस्तादांची दुसरी श्रद्धा टीव्हीवरच्या अमेरिकी कुस्तीतल्या अंडरटेकरवर आहे. नव्वदीत केबल आली आणि पाठोपाठ दुकानात पहिलवानांचे पत्ते आले. उंची, वजन, छाती, दंड, लढती, रँक. ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचा पत्ता घ्यायचा. पाउंडाचे किलो करायला वस्ताद तिथं शिकले आणि गणितात त्यांचा तेवढाच धडा पक्का झाला. अंडरटेकर सात वेळा मरून परत आलाय, हे त्या काळी मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत शपथेवर सांगितलं जायचं. वस्ताद आता 'मेला' हे मान्य करत नाहीत, पण 'परत आला' यावर ठाम आहेत.

त्यांची खरी करामत म्हणजे अमेरिकेचे सगळे डाव त्यांनी मराठीत आणून ठेवलेत. जॉन सीना समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घेतो ते कलाजंग. "अर्धवट कलाजंग," ते दुरुस्त करतात, "घेतलं बराबर, पण टाकताना अंगाखाली ठेवलं नाही. आपल्याकडं वस्तादानं कानफाडीत दिली असती." ब्रॉक लेस्नरही कलाजंगातच उचलतो आणि गरकन फिरवून भिरकावतो, पण त्याला माफी आहे, कारण तो 2000 साली अमेरिकेच्या कॉलेजांच्या कुस्तीत खरोखरीचा विजेता होता. कर्ट अँगलचं नाव घेताना तर ते खुर्चीत सरळ बसतात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्णपदक आहे त्याच्याकडं. आणि मग गाडी हमखास खाशाबा जाधवांवर येते. 1952 चं हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "अंडरटेकरला त्यांनी जितेपणी हॉल ऑफ फेममधी बसवला. खाशाबांना अर्जुन पुरस्कार कव्हा दिला? गेल्यावर!" यावर बोलण्यासारखं काही नसतं. हे वस्तादांचं सगळ्यात खरं वाक्य आहे आणि ते चेष्टेत घेता येत नाही.

योकोझुनाबद्दल त्यांची तक्रार वेगळी. जपानचा सुमो म्हणून तो मिरवायचा, माणूस निघाला सामोअन वंशाचा अमेरिकन. "रहिवासी दाखला खोटा," असा शेरा. अंडरटेकरचा भाऊ म्हणून मुखवटा घालून आलेला केन भाऊबिऊ कुणी नव्हता, हे पचवायला त्यांना काही वर्षं लागली. तोच केन 2018 साली टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आला, तेव्हा त्यांनी फाट्यावर पेढे वाटले. "त्यांच्याकडं आधी तोंड झाकून फिरतात, मंग महापौर होतात. आपल्याकडं उलटं हाय," हे त्यांचं त्या दिवशीचं भाषण.

एकदा डोंगरकड्याचा एक कॉलेजातला पोरगा टेबलाशी टेकला आणि म्हणाला, "वस्ताद, ते सगळं फेक असतंय. आधीच ठरलेलं असतंय."

मला वाटलं आता तिकिटांचं पुस्तक पोराच्या अंगावर जाणार. वस्ताद शांत होते.

"हौ, ठरलेलं असतंय. त्यांच्या मालकांनीच 1989 ला न्यू जर्सीच्या सरकारला सांगून टाकलं की हा खेळ नाही, करमणूक हाय. त्यांनी सांगितलं तरी. आपल्या जत्रंत कोण सांगतंय?"

"म्हणजे?"

"मॅनकाइंड पाह्यला का तू? 1998. पिंजऱ्याच्या टपावरून अंडरटेकरनं फेकला. सोळा फूट. खाली टेबल. पडायचं ठरलं होतं बाबू, कबूल. पण लागायचं नाही असं कुठं ठरलं होतं? हाडाला कुणी सांगितलं का, हे फेक हाय म्हणून?"

पोरगा गप्प. मग वस्ताद जत्रेतल्या दंगलीवर घसरले, आणि ती बाजू त्यांनी जी मांडली ती मला आजवर कुठल्या क्रीडा समीक्षकाकडून ऐकायला मिळालेली नाही. हलगी कडाडतेय. निवेदक इनाम देणाऱ्यांची नावं वाचतोय, चेअरमन, माजी चेअरमन, भावी चेअरमन. शेवटच्या मानाच्या कुस्तीचे दोन मल्ल शड्डू ठोकत गोल फिरतात. हातसलामी, खडाखडी, एकाची मान दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचं मनगट पहिल्याच्या मुठीत. वीस मिनिटं हेच. पंच सांगतो कुस्ती करा, दोघं माना डोलावतात आणि परत तेच. अंधार पडायला लागतो, माणसं धोतर झटकत उठतात, आणि भोंग्यावरून आवाज येतो, 'बरोबरीत'. इनाम अर्धं अर्धं. "ही नुरा कुस्ती! ह्यात ठरलेलं बी हाय अन् मेहनत बी नाही. अंडरटेकर ठरवून पडतो तरी घाम गाळून पडतो. ह्यांनी ठरवून घामसुदा वाचवला." मला विचाराल तर वस्तादांचा हा निवाडा जरा एकांगी आहे. खडाखडीत मानेवर आणि मनगटावर किती जोर चाललेला असतो ते बाहेरून दिसत नाही, आणि बरोबरीच्या सगळ्याच कुस्त्या काही वाटून घेतलेल्या नसतात. पण हे त्यांना सांगायचं म्हणजे आपली गाडी सोडायची.

गादीवरच्या कुस्तीवर त्यांचं मत थोडक्यात असं, की गादी झोपायला असते. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे अर्धा मिनिट दम, खाली घेतलं की दोन गुण, वर्तुळाबाहेर गेला की एक. "कुस्ती हाय का लाइट बिल?" तरीही गुणांचा हिशेब त्यांच्याइतका काटेकोर कुणी ठेवत नाही. जानेवारी 2023 च्या पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि राज्यभर वाद पेटला. त्या काही सेकंदांची चित्रफीत वस्तादांच्या मोबाइलमध्ये अजून आहे. स्क्रीनला तडा गेलाय, आणि तो नेमका सिकंदरच्या खांद्यावरून जातो. वस्ताद चित्र थांबवतात, दोन बोटांनी मोठं करतात, आणि विचारतात, "सांगा सर, टेकला का नाही?" त्या तड्यामुळे देवालाही सांगता येणार नाही. सिकंदर त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला महाराष्ट्र केसरी झाला, प्रकरण मिटलं. फाट्यावर मिटलेलं नाही. उमरखेडच्या एका निवृत्त गृहस्थांनी तो खांदा इतका मन लावून पाहिला की त्यांची पुण्याची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. वस्तादांनी पैसे परत दिले, वर खिचडी खाऊ घातली, आणि खाताना पुन्हा एकदा खांदा दाखवला.

2025 साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं हरल्याचा निकाल न पटून पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. फाट्यावर त्या दिवशी गर्दी जमली, वस्ताद काय म्हणतात ते ऐकायला. त्यांनी दोन्ही धर्मांचं शास्त्र सांगितलं. अमेरिकेत पंच हा मार खाण्यासाठीच असतो. धक्का लागून तो बेशुद्ध पडला की ओळखायचं, आता खुर्च्या निघणार, आता मजा. मातीत पंच म्हणजे पंच. निकाल चुकला असेल तर दाद मागावी, बोंब मारावी, पण पाय उचलू नये. "डाव चांगला होता, आखाडा चुकला." माझ्या मते त्या प्रकरणावर महाराष्ट्रात जेवढी पानं छापली गेली, त्यांत एवढं नेमकं वाक्य नव्हतं.

पण वस्तादांना रंगात पाहायचं असेल तर हरिश्चंद्र बिराजदारांचा विषय काढावा. बिराजदार लातूर जिल्ह्यातले, 1969 चे महाराष्ट्र केसरी, पुढं हिंद केसरी. बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, त्या सतपालला, ज्यानं नंतर 1982 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. ही कुस्ती वस्ताद खिचडीच्या टेबलावर लावतात. मिठाची डबी सतपाल, चटणीची वाटी बिराजदार, पाण्याचा जग म्हणजे पंच. वाटी डबीच्या बगलेत शिरते, मागं जाते, कब्जा घेते, आणि धाडकन डबी उलटी. मीठ टेबलभर. हॉटेलवाला आता वस्ताद येताना दिसले की डबीचं झाकण घट्ट फिरवून ठेवतो. मी ही कुस्ती अनेकदा पाहिली आहे आणि दर खेपेला बिराजदारांनी वेगळा डाव मारलेला आहे. कधी घिस्सा, कधी ढाक, एकदा तर धोबीपछाड.

"वस्ताद, तेव्हा तुमचा जन्म तरी झाला होता का?"

"जन्माचा अन् कुस्तीचा काय संबंध?" ते मीठ गोळा करत म्हणाले. "गामाची कुस्ती काय तुमच्या जन्मानंतर झाली?"

मग त्यांचा आवाज जरा उतरतो. बिराजदारांनी पुण्यात तालीम चालवली. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली तयार झाला, 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, पुढच्या वर्षी जागतिक कांस्य. दोघंही मराठवाड्याचे, दोघांनाही पुण्याला जावं लागलं. "आपल्याकडं पाणी येत नाही, पहिलवान मात्र जातात," असं म्हणून वस्ताद पुण्याच्या गाडीचं पुढचं तिकीट फाडतात. या वाक्यातली विसंगती त्यांच्या लक्षात येत असावी, कारण तिकीट फाडताना ते प्रवाशाकडं बघत नाहीत.

वारंगा फाट्यावर उतरलात तर खिचडी जरूर खा. तिकीट वस्तादांकडूनच काढा, हिशेबाला ते चोख आहेत, सीट खिडकीचीच देतात. फक्त अमेरिकी कुस्तीतला रोमन रेन्स चांगला की वाईट, हे विचारू नका. विचारायचंच असेल तर आधी सामान डिकीत टाका, क्लीनरचं नाव विचारून घ्या आणि एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवूनच विचारा.