दोन चहांचा संगणक

पनवेल, नवीन पनवेल आणि खांदा कॉलनी येथील गृहनिर्माण संस्थांत आढळणारे ‘संगणकवाले काका’ वाचकांच्या चांगल्याच परिचयाचे असल्यामुळे त्यांची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. बहुधा बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला आले, तरी त्यांची दृष्टी देवाआधी कोपऱ्यातील जुन्या संगणकाकडे जाते आणि ‘चालू व्हायला किती वेळ घेतो?’ हा प्रश्न प्रसाद हातावर पडण्यापूर्वीच येतो.

उत्तर मिनिटांत दिलेले त्यांना चालत नाही. ‘वहिनी, आधण ठेवा,’ असे सांगून ते बटण दाबतात, कारण त्यांच्या शास्त्रात आरंभकाल, म्हणजे बटण दाबल्यापासून संगणक खरोखर कामाला लागेपर्यंतचा काळ, चहात मोजला जातो. निरोगी संगणक अर्ध्या चहाचा, दुर्लक्षित दोन चहांचा, आणि ज्यात दोन अँटिव्हायरस एकत्र नांदतात तो थेट जेवणाचा.

निदानानंतर उपचार सुरू होतात. ‘स्टार्टअप’च्या यादीतील, म्हणजे मालकाला न विचारता आपोआप जागे होणारे प्रोग्राम ते बंद करतात आणि तो इलाज खरोखरच गुणकारी असतो, परंतु त्यांचा जीव अडकलेला असतो तो खिशातील खोडरबरात. झाकण उघडून ते रॅमची पट्टी काढतात, तिची सोनेरी कडा घासतात आणि दोन्ही खटके वाजेपर्यंत ती खाचेत दाबतात. दमट पावसाळ्यात संपर्क बिघडून बंद पडलेला संगणक याने चालू होऊ शकतो, संथ संगणक वेगवान मात्र होत नाही. पण दुसरा चहा गाळणाऱ्या वहिनींना हे सांगण्याचा धीर होत नाही.

संथपणाचे मूळ बहुधा हार्ड डिस्कमध्ये असते, कारण मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर विखुरलेल्या फायली वेचताना तिच्या वाचकमुंडीची धावपळ होते. एसएसडीत, म्हणजे फिरता भाग नसलेल्या साठवणीत, ही धावपळ उरत नाही. हे जाणून काकाच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणतात, मजुरी न घेता बसवून देतात, आणि आधणाला बुडबुडे येण्यापूर्वीच पडदा उजळल्यामुळे वहिनी गॅस बंद करतात. आपले मोजमाप आपल्याच हाताने मोडीत काढून चहाविना उठणारा असा तज्ज्ञ विरळाच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागत असल्यामुळे धडधाकट यंत्रेही भंगारवाल्याच्या गाडीवर चढू लागली. काका ती जिन्यातच अडवतात, त्यांवर लिनक्स घालतात आणि वॉचमनच्या शाळकरी मुलीला नेऊन देतात. यंत्र म्हातारे झाले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ते विकणाऱ्यांपेक्षा अशा माणसालाच अधिक शोभतो; म्हणून एसएसडी बसल्यावरही वाचकांनी गॅस लगेच बंद करू नये.